चार हजार दोनशे कोटी आणि कपाटातला ऑसिलोस्कोप

सरकारी आकडा दिसला की तो कशाने तरी भागून बघायची मला जुनी खोड आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने 'मेरिट' नावाची योजना मंजूर केली. (पूर्ण नाव 'मल्टिडिसिप्लिनरी एज्युकेशन अँड रिसर्च इम्प्रूव्हमेंट इन टेक्निकल एज्युकेशन'. आधी लघुरूप ठरलं आणि शब्द मागून गोळा केले, असा माझा दाट संशय आहे.) रक्कम ४,२०० कोटी रुपये. मुदत २०२५-२६ ते २०२९-३०, म्हणजे पाच वर्षं. संस्था २७५, त्यात १७५ इंजिनिअरिंग कॉलेजं आणि १०० पॉलिटेक्निक. निम्मे पैसे, म्हणजे २,१०० कोटी, हे जागतिक बँकेचं कर्ज. साधारण साडेसात लाख विद्यार्थ्यांना फायदा होईल असा सरकारचा अंदाज.

आता भागा. दर संस्थेला सव्वापंधरा कोटी. दर विद्यार्थ्यामागे ५६ हजार. वाटप इतकं सरळ होणार नाही हे मान्य, मधल्या समन्वय करणाऱ्या संस्थांकडेही काही जाईल, पण अंदाज यायला एवढं पुरे. ५६ हजारात एक बऱ्यापैकी लॅपटॉप येतो. शंभर मुलांच्या वर्गामागे ५६ लाख होतात. ही काही चेष्टा नाही. शिवाय यातलं अर्धं कर्ज आहे, म्हणजे कधी ना कधी ते तुमच्या-माझ्या टीडीएसमधून फिटणार आहे. तेव्हा 'आपल्याला काय त्याचं' म्हणायची सोय नाही.

हा पैसा पुरेसा आहे की नाही, यावर वाद घालणारे पुष्कळ आहेत. मला त्यात फारसा रस नाही. मला काळजी वाटते ती वेगळीच. हा पैसा मागणार कोण, खर्च करणार कोण आणि खर्च झाल्यावर मोजणार काय? कारण या तीन प्रश्नांची उत्तरं मागच्या वेळसारखीच असली, तर २०३० साली आपल्याकडे आणखी थोडी नवी कपाटं असतील आणि त्यांना आणखी थोडी नवी कुलुपं.

मागची वेळ म्हणजे टेक्विप. सरकारी किंवा अनुदानित कॉलेजात गेल्या वीस वर्षांत इंजिनिअरिंग केलेल्यांनी हे नाव निदान एखाद्या लॅबच्या दारावर तरी वाचलेलं असेल. हाही जागतिक बँकेच्याच मदतीचा कार्यक्रम, तीन टप्प्यांचा. पहिला टप्पा २००३ ते २००९, १३ राज्यांतल्या १२७ संस्था. दुसरा २०१० मध्ये सुरू झाला. तिसरा २०१७ ते २०२१, आणि त्याचा भर मुख्यतः मागास, डोंगराळ आणि ईशान्येकडच्या राज्यांवर होता. आपले सीओईपी आणि व्हीजेटीआय पहिल्या टप्प्यात होते, आणि त्याच सुमारास त्यांना शैक्षणिक स्वायत्तता मिळाली. ही बारीक गोष्ट नव्हे हो! एखादा विषय बदलायचा तर विद्यापीठाचं अभ्यासमंडळ कधी बसतंय याची वाट बघत एक अख्खी बॅच पास होऊन जायची, ते दिवस ज्यांनी पाहिलेत त्यांना विचारा. टेक्विपने काहीच केलं नाही असं म्हणणाऱ्याने त्याआधीच्या लॅब बघितलेल्या नाहीत.

पण.

माझा एक मित्र एका जिल्ह्याच्या गावी सरकारी कॉलेजात इलेक्ट्रॉनिक्स शिकवतो. (कॉलेजचं नाव सांगत नाही, त्याला अजून तिथे नोकरी करायची आहे. :-)) त्याच्या लॅबमध्ये अनुदानातून आलेले सहा डिजिटल स्टोरेज ऑसिलोस्कोप आहेत. चांगल्या कंपनीचे, रंगीत स्क्रीनवाले. त्यातले दोन टेबलावर असतात आणि चार कपाटात. एका बॅचला वीस-बावीस मुलं. म्हणजे दोन स्कोपभोवती दहा-दहा जणांचं कोंडाळं. पुढचे दोघं नॉब फिरवतात, त्यांच्या मागचे दोघं रीडिंग लिहितात, बाकीचे त्यांच्या वहीतून छापतात. जर्नल मात्र सगळ्यांची पूर्ण. टर्मवर्कचे मार्क सगळ्यांना.

मी त्याला म्हटलं, अरे, मग चार कपाटात का ठेवलेस? तो म्हणाला, "तू आमचं डेडस्टॉक रजिस्टर बघितलेलं नाहीस."

डेडस्टॉक रजिस्टर ही चीज आयटीवाल्यांना माहीत नसते, म्हणून सांगतो. सरकारी संस्थेत आलेल्या प्रत्येक टिकाऊ वस्तूची त्यात नोंद होते आणि ती कोणाच्या तरी ताब्यात दिलेली असते. हे सहाही स्कोप माझ्या मित्राच्या नावावर आहेत. एखाद्या मुलाने प्रोब उलटसुलट जोडून चॅनल उडवला, तर पत्रव्यवहार मित्राने करायचा, खुलासा त्यानेच द्यायचा. उद्या त्याची बदली झाली तर सहाच्या सहा स्कोप चालू अवस्थेत दाखवून चार्ज द्यायचा. स्कोप वापरात राहिला आणि मुलं त्यावर काही शिकली, याची नोंद करायला मात्र कुठलंही रजिस्टर नाही. मग शहाणा माणूस काय करेल? कपाट घेईल, कुलूप लावेल. तपासणी समिती यायची असेल त्या दिवशी सहाही बाहेर काढून, पुसून, रांगेत मांडेल.

बरं, समजा त्याने धाडस करून सहाही बाहेर काढले. एका सेमिस्टरमध्ये दोन-तीन प्रोब जाणारच. प्रोब ही काही फार महाग वस्तू नाही. पण प्रोब हे 'उपकरण' की 'कन्झ्युमेबल' यावर त्यांच्या स्टोअरचं आणि अकाउंट सेक्शनचं एकमत व्हायला एक पावसाळा गेला. उपकरण म्हणावं तर तीन कोटेशन आणि खरेदी समिती. कन्झ्युमेबल म्हणावं तर त्या हेडखाली वर्षाला जेवढे पैसे मिळतात तेवढे ब्रेडबोर्ड, वायर आणि सोल्डरमध्ये दिवाळीच्या आतच संपतात. शेवटी त्याने प्रोब स्वतःच्या पगारातून आणले. असे मास्तर खूप आहेत, आणि त्यांच्या जिवावर ही व्यवस्था चालली आहे. पण चार हजार कोटींची योजना एखाद्या मास्तराच्या खिशातल्या पैशांवर उभी असावी हे काही बरोबर नाही.

आपल्या भाषेत सांगायचं तर भलामोठा सर्व्हर विकत घेतला, पण तो सांभाळायला माणूस नेमला नाही, बॅकअपला पैसे ठेवले नाहीत, आणि सर्व्हर डाउन झाला तर ज्याने लॉगिन केलं त्याच्या पगारातून कापायचं ठरवलं. कोण लॉगिन करेल?

गंमत म्हणजे टेक्विप आखणाऱ्यांना हे कळत नव्हतं असं नाही. संस्थांनी स्वतःचे चार निधी उभारावेत अशी त्यात अटच होती: एक कायम निधी, एक शिक्षक विकासाचा, एक जुनी उपकरणं बदलण्याचा आणि एक देखभालीचा. म्हणजे दुखणं बरोबर ओळखलं होतं, औषधही लिहून दिलं होतं. पण देखभालीच्या निधीतून हजार रुपये काढायला जर दहा लाखांच्या खरेदीइतक्याच सह्या लागत असतील, तर निधी असून काय उपयोग? मित्राच्या कॉलेजात तो निधी आहे. बँकेत आहे. व्याज मिळतंय.

यात कोणी पैसे खाल्ले असं मी म्हणत नाहीये. आपण लगेच त्या वाटेने जातो आणि मग मूळ प्रश्न बाजूला पडतो. माझ्या मते सगळे प्रामाणिक असले तरी हेच होईल, कारण अनुदानाची घडणच तशी आहे. हप्ता येतो जानेवारीत. ३१ मार्चच्या आत खर्च दाखवायचा, यूसी म्हणजे उपयोगिता प्रमाणपत्र पाठवायचं, नाहीतर पुढचा हप्ता अडकतो. आता साठ-सत्तर दिवसांत कॉलेजात असं काय करता येतं, जे विकत घेता येईल, मोजता येईल आणि ज्याचा फोटो काढता येईल? खोक्यात बंद होऊन येणारी वस्तू. फक्त तीच. एखादा विषय नव्याने शिकवायला बसवायचा तर एक सेमिस्टर तयारीत जातं, दुसरं चुका करण्यात आणि तिसऱ्यात कुठे गाडी रुळावर येते. दीड वर्ष! तोपर्यंत दोन मार्च एन्ड होऊन गेलेले असतात. टेक्विपच्या खरेदीसाठी तर खास ऑनलाइन सॉफ्टवेअर होतं. कोणती वस्तू, कोणत्या पद्धतीने, किती कोटेशन, सगळं त्यात. व्यवसायाने प्रोग्रामर असल्यामुळे मला त्याचं कौतुकच आहे. पण कुठल्या वर्गात काय बदललं याची तितकीच काटेकोर नोंद कोणी मागितली असती, तर वेगळं चित्र दिसलं असतं.

याचा परिणाम मी आमच्या ऑफिसात बसून बघतो. गेली काही वर्षं मी फ्रेशर्सचे इंटरव्ह्यू घेतोय. मुलं हुशार असतात, हे आधीच सांगतो, 'आजकालची पिढी' छापाची तक्रार मला करायची नाही. मी एक ठरलेला प्रश्न विचारतो: तुमच्या प्रोजेक्टमध्ये किंवा एखाद्या प्रॅक्टिकलमध्ये काहीतरी बिघडलं होतं, ते तुम्ही कसं शोधलंत? दहातले सहा-सात जण गप्प होतात. बिघडलेलंच नसतं काही! स्कोपला हात लागलेला नाही, रीडिंग मागच्या वर्षीच्या जर्नलमधून आलेलं, प्रोजेक्ट रेडीमेड. चार वर्षांत एकदाही स्वतःच्या हातून काही मोडलं नाही आणि स्वतः ते सापडवलं नाही, अशा मुलाला मी पहिल्या आठवड्यात प्रॉडक्शनमधला बग कसा देऊ? मग कंपन्या सहा-सहा महिने ट्रेनिंग देतात. ज्यांना हे ट्रेनिंग देणारी मोठी कंपनी मिळत नाही, त्या मुलांचं काय होतं हे त्या मुलांच्या घरी विचारावं.

हे नुसतं माझं निरीक्षण असतं तर सोडून दिलं असतं. स्टॅनफर्डच्या प्रशांत लोयालका आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा एक मोठा अभ्यास २०२१ मध्ये 'नेचर ह्यूमन बिहेव्हियर'मध्ये आला. भारत, चीन, रशिया आणि अमेरिका या चार देशांतल्या कॉम्प्युटर आणि इलेक्ट्रिकलच्या हजारो विद्यार्थ्यांच्या चाचण्या घेतल्या. आपली मुलं पहिल्या दोन वर्षांत गणित-फिजिक्ससारख्या विषयांत प्रगती करतात, तिथे आपण चीनपेक्षा बरे ठरलो. पण चिकित्सक विचार करण्याच्या क्षमतेत, अमेरिकेच्या तुलनेत, चार वर्षांत आपल्याकडे वाढच दिसली नाही. चार वर्षं, आठ सेमिस्टर, आणि त्या रकान्यात भर शून्य. हा निष्कर्ष वाचून मी लॅपटॉप मिटला आणि गच्चीत जाऊन उभा राहिलो.

आता अमेरिकेचं नाव निघालंच आहे तर तिथली गोष्ट सांगतो, कारण ती 'त्यांच्याकडे सगळं छान' अशी मुळीच नाही. तिथे पदवीच्या वर्गातलं विज्ञान आणि इंजिनिअरिंग सुधारायला पैसे देणारी मुख्य संस्था म्हणजे नॅशनल सायन्स फाउंडेशन, एनएसएफ. रेगन आल्यावर १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला एनएसएफच्या शिक्षणावरच्या खर्चाला जवळपास कात्री लागली. मग ओरड झाली, समिती बसली, आणि होमर नील या भौतिकशास्त्रज्ञाच्या अध्यक्षतेखालचा अहवाल १९८६ मध्ये आला, की पदवीच्या शिक्षणाकडे दुर्लक्ष परवडणार नाही. पैसे परत सुरू झाले. आणि गंमत बघा, सुरुवात त्यांनीही उपकरणांपासूनच केली! लॅबच्या साधनांसाठी अनुदान, निम्मा खर्च कॉलेजने उचलायचा. दहा-बारा वर्षं ते चाललं. मग १९९९ पासून उपकरणं, अभ्यासक्रम आणि शिक्षक हे वेगवेगळे कप्पे मोडून त्यांनी एकच कार्यक्रम केला, 'कोर्स, करिक्युलम अँड लॅबोरेटरी इम्प्रूव्हमेंट'. पुढे त्याची नावं दोनदा बदलली, पण गाभा तोच राहिला.

त्या गाभ्यातल्या दोन गोष्टी मला फार आवडतात. पहिली, प्रस्ताव लिहितो तो शिकवणारा माणूस. प्राचार्य नाही, संचालनालय नाही. अमुक विषय मी शिकवतो, त्यात मुलं अमुक ठिकाणी अडकतात, मी असा बदल करून बघणार आहे, त्यासाठी मला एवढा वेळ आणि एवढं साहित्य लागेल. वेळेचेही पैसे मागता येतात, हे महत्त्वाचं. दुसरी, २००७ च्या सुमारास त्यांनी या अनुदानाच्या पायऱ्या केल्या. आधी दीड लाख डॉलरपर्यंत, एका कॉलेजात करून बघायला. जमलं तर पाच लाखांपर्यंत, आणखी काही ठिकाणी न्यायला. तिथेही टिकलं तर वीस लाखांपर्यंत, देशभर पसरवायला. प्रोटोटाइप, बीटा, रिलीज! आपण रोज ऑफिसात हेच करतो. पहिल्याच दिवशी २७५ ठिकाणी डिप्लॉय कोणी करत नाही.

आणि प्रत्येक प्रस्तावात लिहावं लागतं की बदल झाला हे तुम्ही कसं ओळखणार. 'विद्यार्थ्यांनी उत्स्फूर्त प्रतिसाद दिला' हे चालत नाही. मोजायचं कसं, याचं एक सुंदर उदाहरण फिजिक्समध्ये आहे. डेव्हिड हेस्टेनेस आणि सहकाऱ्यांनी १९९२ मध्ये 'फोर्स कन्सेप्ट इन्व्हेंटरी' नावाची तीसेक प्रश्नांची पर्यायी चाचणी प्रसिद्ध केली. एकही आकडेमोड नाही. जड ट्रक आणि छोटी गाडी धडकली तर कोण कोणावर जास्त बल लावतं, अशा धाटणीचे साधे प्रश्न. सूत्रं पाठ असलेली मुलं त्यात धडाधड आपटतात. मग रिचर्ड हेक या प्राध्यापकाने १९९८ मध्ये ६२ कोर्समधल्या ६,५४२ विद्यार्थ्यांचे अशा चाचण्यांमधले आकडे एकत्र मांडले. कोर्सच्या आधी चाचणी, नंतर तीच चाचणी. सुरुवातीला जे येत नव्हतं त्यातलं किती शिकून झालं? नुसत्या व्याख्यानांच्या वर्गात साधारण २३ टक्के. जिथे मुलांना वर्गातच प्रश्न, चर्चा, हाताने करून बघणं असं काम दिलं जात होतं, तिथे ४८ टक्के. दुपटीहून जास्त. स्कोप कुठल्या कंपनीचा होता हा प्रश्नच आला नाही.

(तिथेही दिवस सारखे नसतात. एप्रिल २०२५ पासून एनएसएफने चालू असलेली हजाराहून अधिक अनुदानं मध्येच रद्द केली आणि सगळ्यात मोठा फटका शिक्षणाच्याच प्रकल्पांना बसला. चाळीस वर्षांत दुसऱ्यांदा. तेव्हा 'तिकडे बघा' म्हणताना मी जरा दबकूनच म्हणतो.)

असो. आपल्याकडे असं काही होऊच शकत नाही, हा सूर मला मान्य नाही, कारण ते झालेलं आहे, आणि पुण्यापासून तीन तासांवर. आयआयटी मुंबईत 'ई-यंत्र' नावाचा रोबोटिक्सचा प्रकल्प आहे, पैसा केंद्रीय शिक्षण मंत्रालयाचा. त्यांची लॅब उभारायची पद्धत ऐका. लॅबच्या साहित्याचा खर्च कॉलेजने स्वतः करायचा आणि चार शिक्षकांची टीम द्यायची. ई-यंत्र त्या चौघांना शिकवतं, तेही भाषण देऊन नाही. रोबोटकडून अमुक करून दाखवा म्हणून काम देतं, मास्तरांनी रात्री जागून ते करायचं. म्हणजे सरकारी पैसा जातो शिक्षक तयार करण्यात, आणि खोकं कॉलेज आणतं. नेहमीच्या अनुदानाच्या बरोब्बर उलटं! ज्या मास्तरने स्वतः रोबोट तीनदा भिंतीवर आपटवलाय तो मुलांना कपाटाची चावी देतो.

तिथलाच दुसरा प्रकल्प 'फॉसी', ओपन सोर्स सॉफ्टवेअर शिक्षणात आणणारा. त्यांची एक कल्पना मला इतकी आवडते की भेटेल त्याला सांगतो: एखादं प्रसिद्ध पाठ्यपुस्तक घ्या, त्यातली सोडवलेली सगळी उदाहरणं सायलॅबमध्ये कोड करा, तपासून द्या, मानधन घ्या. मुलगा पुस्तक शिकतो, सॉफ्टवेअर शिकतो, चार पैसे मिळतात आणि कोड सगळ्यांना फुकट. मानखुर्दला होमी भाभा केंद्रात 'एनआययूएस' हा उपक्रम २००४ पासून आहे, साध्या कॉलेजांतल्या बीएस्सीच्या मुलांना संशोधनाची गोडी लावणारा. बायोटेक्नॉलॉजी विभागाची २००८ पासूनची 'स्टार कॉलेज' योजना प्रॅक्टिकल नीट व्हावीत म्हणूनच आहे, आणि त्यात रसायनं, काचेची भांडी असल्या रोज संपणाऱ्या गोष्टींनाही पैसे मिळतात. म्हणजे एक सरकारी खातं हे करू शकतं तर दुसरं का नाही?

माणसांवर खर्च करायचा प्रयत्न टेक्विपनेही केला होता, आणि त्याचं जे झालं ते मला स्कोपपेक्षा जास्त लागतं. तिसऱ्या टप्प्यात आयआयटी-एनआयटीतून एमटेक, पीएचडी झालेल्या हजाराहून अधिक तरुणांना मागास भागांतल्या कॉलेजांत शिकवायला नेमलं, कंत्राटावर. पोरं गेली की हो! बिहार, झारखंड, ईशान्य, जिथे वर्षानुवर्षं जागा रिकाम्या होत्या तिथे जाऊन शिकवू लागली. २०२१ मध्ये प्रकल्प संपला आणि त्यांची नोकरीही. काही राज्यांनी काहींना ठेवून घ्यायच्या गोष्टी केल्या, आंदोलनं झाली, कोर्टकचेऱ्या झाल्या. पण बघा ना, ऑसिलोस्कोप डेडस्टॉकला असतो, तो प्रकल्प संपल्यावर कॉलेजातच राहतो. या मास्तरांची नोंद कुठल्याच रजिस्टरला नव्हती.

तर आता मेरिटबद्दल माझं म्हणणं. क्रांती वगैरे काही मागत नाही. ४,२०० कोटींतले फक्त दोन टक्के बाजूला काढा. ८४ कोटी होतात. दोन-दोन लाखांचे भाग केले तर ४,२०० शिक्षक, म्हणजे दर संस्थेत पंधरा. बाकीचे ९८ टक्के तुमच्या नेहमीच्या पद्धतीने करा, इमारती बांधा, खोकी आणा. हे दोन लाख मात्र थेट शिकवणाऱ्याच्या नावाने. तो दोन पानांत लिहील की कुठला विषय, मुलं कुठे अडकतात, काय करून बघणार, आधी आणि नंतर कोणती चाचणी घेणार. मुदत तीन सेमिस्टर, मार्च एन्डचा संबंध नाही. प्रोब घ्या, एका सीनिअर मुलाला लॅब उघडी ठेवायला मानधन द्या, काही मोडलं तर मोडलं म्हणून लिहा. शेवटी निकाल सगळ्यांना बघता येईल असा मांडा, फसला तरी. चार हजारांतले तीन हजार प्रयोग फसले तरी उरलेल्या हजारांत पुढच्या पायरीला न्यावेत असे शंभर सापडणार नाहीत? आमच्या धंद्यात याहून वाईट प्रमाणावर लोकांना भांडवल मिळतं.

यावर लगेच येणारा आक्षेप मला तोंडपाठ आहे. मास्तरांच्या हातात पैसे दिले तर खोटी बिलं येतील. येतील की, काही येतील! पण दोन लाखांच्या खोट्या बिलाची जेवढी भीती वाटते, तेवढी वीस लाखांच्या खऱ्या बिलाची का वाटत नाही, ज्याचं यंत्र सहा वर्षं प्लास्टिकच्या कव्हरखाली आहे? ऑडिटच्या दृष्टीने ते बिल निर्दोष आहे. दुसरा आक्षेप जास्त खरा आहे, आणि तो माझ्या मित्रानेच काढला: "प्रस्ताव लिहायला वेळ कोणाकडे आहे? मी ॲडमिशनची ड्यूटी करतो, परीक्षेची करतो, नॅकच्या फायली करतो, निवडणुकीची करतो." याला माझ्याकडे चांगलं उत्तर नाही. दोन लाखांतून त्याच्या फायली करायला अर्धवेळ माणूस ठेवता यावा, एवढंच सुचतं. तो हसला. पण नाही म्हणाला नाही.

आणि आपण? आपल्यापैकी बऱ्याच जणांचं कॉलेज या २७५ मध्ये असू शकतं. माजी विद्यार्थ्यांच्या मेळाव्याला जाऊन जेवून, फोटो काढून येतो तेव्हा प्राचार्यांना तीन गोष्टी विचारायला हरकत नसावी. लॅब संध्याकाळी पाचनंतर उघडी असते का? गेल्या वर्षी दुरुस्तीवर किती खर्च झाला? शेवटचं उपकरण मुलांच्या हातून कधी बिघडलं? तिसऱ्याचं उत्तर 'कधीच नाही' असं अभिमानाने आलं, तर मग कपाट दाखवा म्हणायचं.